तीन नवेगावं आणि पोट भरलेलं पिल्लू

नवेगाव या नावाशी माझं वैर जुनं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यात टपालाच्या वर्गीकरणात काढली. समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यात एक तरी पाकीट असं निघायचंच, ज्यावर कुणा भाच्यानं मोठ्या मायेनं लिहिलेलं असायचं, ‘मु. पो. नवेगाव, जि. चांदा’. तालुका नाही, पिनकोड नाही. चांद्याचं चंद्रपूर झालं, त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, तरी भाच्यांच्या लेखी चांदाच. आणि त्या दोन जिल्ह्यांत नवेगावं किती, ते विचारू नका. नदीनं गाव नेलं की नवेगाव, वाघानं हैराण केलं की नवेगाव, भावाभावांचं पटलं नाही तरी नवेगाव. आमच्या साताऱ्याकडे नवी वस्ती झाली की निदान अमक्याची वाडी, तमक्याची वाडी असं काहीतरी चिकटवतात. इकडे मंडळींनी तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका काशीला गेल्या. मी ठरवलं, ज्या गावांनी मला छळलं ती एकदा डोळ्यांनी बघून यायची. मैत्रीण नलिनी बरोबर येणार होती, पण ऐन वेळी तिच्या गुडघ्यानं नकार दिला. भाच्यानं (माझ्याही नशिबी भाचा आहेच) एका राखीव जंगलातल्या सफारीची अख्खी जिप्सी आमच्या नावानं आधीच काढून ठेवली होती. “मावशी, तिकडं जाऊन वाघ न बघता आलीस तर लोक हसतील,” असं त्याचं म्हणणं. मला वाघात रस नव्हता. मला पत्ते बघायचे होते.

चंद्रपूरला उतरले तेव्हा गाडी घेऊन गुलाबभाऊ मडावी हजर होते. चाळिशीचे, शांत, आणि फोन सतत कानाला. मी बेत सांगितला तसे ते हसले. ते स्वतःच एका नवेगावचे होते. कुठल्या, असं विचारल्यावर म्हणाले, “आमचं गाव दोन जागी हाये, बाई. मानसं रोडवर अन् देवी जंगलात.”

राजुरा तालुक्यातलं नवेगाव

वर्धा नदी ओलांडली की राजुऱ्याकडे जाताना झाडांची पानं हळूहळू काळी होत जातात. कोळशाच्या खाणीचा मुलूख. वाटेत गुलाबभाऊंनी मला आपल्या गावाची गोष्ट सांगितली, कारण त्यांचा फोन दर थोड्या वेळानं वाजत होता आणि मी चौकशी केल्याशिवाय राहणारी बाई नाही.

त्यांचं नवेगाव पूर्वी जंगलाच्या आत होतं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं ठरलं आणि गाव उठून बाहेर रस्त्याकडेला आलं. घरं मिळाली, नळ मिळाला, देवीसाठी टाइल्सचं देऊळसुद्धा मिळालं. फक्त देवी आली नाही. त्यांच्यात देवीला न विचारता हलवत नाहीत. गावाचा भुमका, म्हणजे पुजारी, देवीसमोर तांदळाचे दाणे टाकून कोंबडीचं पिल्लू सोडतो. पिल्लानं दाणे टिपले तर देवीचा होकार, नाही टिपले तर नकार. गाव उठल्यापासून दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी ती नाही म्हणते. म्हणून मोहाची फुलं पडायला लागली की एक दिवस गावकरी आत, जुन्या जागी जातात, देवीच्या झाडाची पहिली फुलं तिला देतात, आणि मगच गावात मोह वेचायला सुरुवात होते. त्याआधी झाडाखाली सडा पडला तरी कुणी हात लावत नाही.

“यंदा फॉरेस्टचे नवे साहेब आले,” गुलाबभाऊ म्हणाले. आत जायची परवानगी आली नव्हती. फुलं पडायला लागली होती, आणि त्यांची आई फोनवर रोज तेच सांगत होती, की मोहा पडून राह्यला अन् डुकरं खाऊन राह्यले. भुमका म्हणजे गुलाबभाऊंचे वडील, लटारूभाऊ. आत जायचा तो एक दिवस त्यांच्या हातून गेला तर पुढच्या वर्षी गावातली तरणी पोरं देवीची वाट बघणार नाहीत आणि साहेब आत सोडणार नाहीत. मग जुनं गाव खरोखरच गेलं.

राजुऱ्याच्या नवेगावात शिरताना एवढी मोठी कमान लागली, की तिच्यामागं तेवढं गाव असेल या आशेनं मी पदर सावरला. कमान संपल्यावर लगेच गावही संपत आलं होतं. किराणा दुकानदारानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि आपलंच नवेगाव सर्वांत जुनं असल्याचं सांगितलं. नवेगावात सर्वांत जुनं असण्याचा अभिमान मला त्या प्रवासात तीनदा ऐकायला मिळाला. मी जुन्या गावाची जागा बघायला मागितली. त्यानं दुकानाबाहेर येऊन मातीच्या एका प्रचंड ढिगाऱ्याकडे बोट केलं.

“ते पाहा ना, वरतं,” तो म्हणाला.

गाव होतं तिथं आता खाणीचा खड्डा होता आणि खड्ड्यातली माती म्हणजे हा डोंगर. त्यामुळं जुनं गाव कुठं आहे या प्रश्नाला खाली म्हटलं तरी चालायचं आणि वर म्हटलं तरी. डोंगरावर बाभळी लावल्या होत्या आणि पायथ्याशी ‘निसर्गरम्य परिसर, स्वच्छता राखा’ अशी पाटी होती. गुलाबभाऊंनी एकच प्रश्न विचारला, गाव हललं तेव्हा देवाला विचारलं होतं का. दुकानदाराला त्यात गंमत वाटली. “इचाराले टाइम कुठी होता, भाऊ? डंपर उभा होता.”

मला हसू आलं, पण मग आमच्याकडचं आठवलं. माझ्या माहेरचं गाव धरणात गेलं तेव्हा भैरोबाला वरच्या माळावर संगमरवरी देऊळ मिळालं. देवाला कुणी विचारलं नव्हतं. कंत्राटदाराला मात्र तीन वेळा विचारलं होतं.

कुरखेडा तालुक्यातलं नवेगाव

दुसऱ्या दिवशी मूल, गडचिरोली, आरमोरी करत आम्ही कुरखेड्याकडे गेलो. काळा रंग सुटला आणि धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागली. मध्येच पळस असा पेटलेला, की मी दोनदा गाडी थांबवायला लावली. दोन्ही वेळा गुलाबभाऊ उतरून मोहाच्या झाडाखाली गेले. तिकडच्या बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. ते नुसते उभे राहून बघत. एका बाईनं मूठभर फुलं त्यांच्या हातावर ठेवली, तर त्यांनी ती तशीच परत तिच्या टोपलीत सोडली. स्वतःच्या देवीनं घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या गावची फुलंही खायची नाहीत, असं गाडीत बसल्यावर मला सांगितलं. मी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघून, ढग असले तरी जेवायला बसणारी बाई.

इथल्या नवेगावात एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी गावाचा वारसा जपायचं मनावर घेतलेलं आहे, आणि गाव त्यांना भिऊन आहे. तळ्याच्या पाळीवर एक कोरीव दगड आहे, घोड्यावर बसलेला वीर आणि वर चंद्रसूर्य. जुनं गाव का उठलं याच्या तीन हकिकती मला तिथं पंधरा पावलांत ऐकायला मिळाल्या. पटकी, वाघ आणि दोन जावांचं भांडण. तिसरी मला सर्वांत खरी वाटली. वीर नेमका कुठल्या लढाईत पडला हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळं जो तो त्याला आपल्या आजोबांच्या आजोबांचा दर्जा देत होता.

तर मास्तरांनी ठरवलं की असा दगड चोरीला जाणार. त्यांनी भोवती लोखंडी पिंजरा बांधून घेतला. पिंजऱ्याची जाळी इतकी बारीक, की आत वीर आहे की विहिरीचा पंप, ते कळायला मार्ग नाही. दाराला नारळाएवढं कुलूप. मी बघायला मागितलं तर मास्तरांनी खेदानं सांगितलं, “चाबी वडस्याले गेली.” किल्ली ज्याच्याकडे असते तो वडशाला लग्नाला गेला होता. कधी येईल, तर जेवणं झाल्यावर. पण लोकांचं काही अडलेलं दिसलं नाही. त्यांनी कुलपालाच हळदकुंकू लावलं होतं, कुलपालाच हार घातला होता, आणि एक म्हातारी आमच्यादेखत कुलपाला कपाळ टेकून गेली. मीही टेकलं. एवढ्या लांब येऊन हात हलवत कशाला जायचं?

मास्तरांच्या घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, लाखोळीच्याच डाळीचे वडे आणि अंबाडीची भाजी असं जेवण झालं. मी वड्यांची तारीफ केली आणि फसले. परत निघताना डबाभर वडे गाडीत आले, आणि ते मी पुढचे दोन दिवस नाश्त्याला खात होते.

त्याच जेवणाच्या सुस्तीत, परतीच्या वाटेवर, गुलाबभाऊंनी मला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. मी सहज म्हणाले होते की तुमची देवी भलतीच हट्टी, इतकी वर्षं एकदाही हो म्हणाली नाही. त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, “बाबा पिल्लाले आधीच चारते ना.”

म्हणजे देवीला विचारायला न्यायचं पिल्लू दोन दिवस आधी निवडतात आणि त्याला तांदूळ, कण्या, किडे असं नाकापर्यंत खाऊ घालतात. पोट तट्ट भरलेलं पिल्लू देवीसमोरच्या दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. ही गोष्ट गावातल्या पोराबाळांना ठाऊक होती. ही लबाडी नव्हे का, असं मी स्वच्छ विचारलं. गुलाबभाऊंना लबाडी हा शब्द पटला नाही. देवीला तिथंच राहायचंय हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा फक्त तिला मदत करतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा ती हो म्हणाली की मग आत जायला काय कारण उरणार? यात पाळायचा नियम मात्र एक आहे आणि तो कडक आहे. पिल्लानं टिपलं की नाही, हे भुमक्याबरोबर आणखी कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं लागतं. एकट्या भुमक्याचा शब्द धरत नाहीत, नाहीतर भुमके वाटेल ते देवीच्या तोंडी घालतील.

मला ही व्यवस्था आमच्या खात्यापेक्षा बरी वाटली.

तिसरं नवेगाव

या नवेगावाचा, म्हणजे गुलाबभाऊंच्या गावाचा, तालुका मी लिहिणार नाही. लोकांनी मला इतकी वर्षं तालुका न लिहिता छळलं, आता माझी पाळी.

रस्त्याकडेला सरळ रांगेत एकसारखी घरं, एकसारखे दरवाजे. टपाल वाटायला आदर्श गाव. मध्यभागी देवीचं देऊळ. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचं दार, वर पंखा, भिंतीवर उद्घाटन करणाऱ्यांची नावं कोरलेली काळी फरशी, आणि गाभारा रिकामा. गावकरी त्यात धानाची पोती ठेवत होते. पंखा चालू होता.

आजूबाजूच्या बांधांवर मोहाची झाडं होती आणि खाली पिवळसर फुलांचा थर. वास असा गोड आणि जड, की डोकं हलकं व्हावं. बायका दारात टोपल्या विणत, नीट करत बसल्या होत्या आणि फुलांकडे बघतही नव्हत्या. त्यांचं ते न बघणं मला सहन होईना. आमच्याकडे एखाद्या घरी मुलगी बघायला येणाऱ्यांची वाट बघत बसतात, तसं अख्खं गाव बसलं होतं.

लटारूभाऊ अंगानं वाळलेले, ताठ, डोक्याला पांढरा शेला. त्यांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि परत पिल्लाकडे वळले. टोपलीखाली एक तांबूस पिल्लू होतं आणि ते त्याला हातानं कण्या भरवत होते. पिल्लाचं पोट इतकं झालं होतं की ते चालताना एका बाजूला कलत होतं. परवानगीचा पत्ता नसताना ते त्याला रोज चारत होते, न जाणो आज आली तर.

मी त्यांना घेऊन साहेबांच्या कचेरीत गेले. साहेब तरुण, अदबशीर, बोलायला गोड. मनात काही वाईट असेल असं दिसलं नाही, त्यामुळं त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. अर्ज वर गेला आहे, म्हणाले. वर म्हणजे कुठं, हे मी विचारलं, कारण वर गेलेल्या कागदांचं पुढं काय होतं यातच माझं आयुष्य गेलं. ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. हंगाम पर्यटनाचा आहे, सध्या फक्त बुकिंगच्या गाड्या आत जातात, पायी कुणाला सोडता येत नाही, धोका आहे. लटारूभाऊ ज्या जंगलात जन्मले त्यातला धोका त्यांना समजावून सांगताना साहेबांनी फार साधी भाषा वापरली.

तेव्हा मला भाच्याची आठवण झाली. माझ्या नावाची अख्खी जिप्सी दुसऱ्या दिवशी सकाळी याच जंगलात आत जाणार होती आणि मी सोडून सगळ्या जागा रिकाम्या होत्या. मी तसं म्हणताच साहेबांचा चेहरा उजळला. नावं जोडता येतील, ते म्हणाले. गावकऱ्यांनी पर्यटक म्हणून जायला काहीच हरकत नाही. अट एकच, गाडीतून कुणी खाली पाय ठेवायचा नाही.

मग त्यांनी लटारूभाऊंना जवळ बसवून आणखी एक सांगितलं. दर वर्षीची ही ओढाताण बरी नाही. देवळाला इतका खर्च झाला आहे. या वेळी देवीला नीट विचारा, आणि ती हो म्हणाली तर आम्ही तिला सन्मानानं, गाडीनं बाहेर आणू. मग आत यायची दगदगच संपली. बरोबर गाइड आमचीच असेल, ती बघून सांगेल. गाइड म्हणजे गुलाबभाऊंची बायको सुनंदा. खात्यानं गावातल्या काही जणींना शिकवून हे काम दिलं होतं.

सकाळी फाटकाशी जिप्स्यांची रांग होती. पर्यटक पानाफांद्यांच्या छापाचे कपडे घालून आले होते, आणि वाघाला दिसू नये म्हणून घातलेल्या त्या कपड्यांत एकमेकांचे फोटो काढत होते. एकाच्या कॅमेऱ्याची नळी शेजारच्या गाडीत जात होती. आमच्या जिप्सीत मी, लटारूभाऊ, त्यांची बायको, गुलाबभाऊ, आणि पुढं चालकाशेजारी खाकी गणवेशातली सुनंदा. लटारूभाऊंच्या मांडीवर झोळी, झोळीत पिल्लू. पाण्याच्या बाटलीत गेल्या वर्षीच्या फुलांची दारू होती. फाटकावरच्या माणसानं बाटली उचलून बघितली, पाणी का म्हणून विचारलं, लटारूभाऊ पानीच जी म्हणाले, आणि तो माणूस दुसरीकडे बघायला लागला. तोही कुठल्यातरी नवेगावचाच असणार.

सुनंदाला दोन भाषा येत होत्या. शेजारून दुसरी गाडी गेली की ती मोठ्यानं म्हणायची, “समोर आपल्याला विस्तीर्ण गवताळ प्रदेश दिसतो, हा चितळांचा आवडता अधिवास आहे.” गाडी पुढं गेली की लटारूभाऊ त्या प्रदेशातले बांध बोटानं दाखवायचे. हा माझा, हा डोमाजीचा, हा आमच्या भांडणातला. गवतातून धानाच्या बांध्या अजून दिसत होत्या. पुढं एक तळं आलं आणि सुनंदा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “आमची न्हानी इथीच होती, बाई. आता वाघीन आंघोळ करते.”

आणि ती करत होतीच. तळ्याकाठी जिप्स्यांची गर्दी झाली होती. सगळे उभे, सगळ्या नळ्या एकाच दिशेला, एका आईनं पोराचं तोंड धरून पाण्याकडे वळवलेलं. सुनंदानं चालकाला गाडी गर्दीच्या मागं, एका प्रचंड मोहाखाली घ्यायला सांगितली. चालक लगेच सीटवर उभा राहून पुढं बघायला लागला. झाडाच्या बुंध्याशी मातीचा ओटा होता आणि त्यावर शेंदूर उडालेला एक दगड. सगळ्या जंगलाची तोंडं तळ्याकडे होती. आमची उलटीकडे.

फुलं कशी घ्यायची हा प्रश्न मी रात्रभर मनात घोळवला होता. तो उरलाच नाही. गाडी थांबली आणि वरून टपटप फुलं पडायला लागली, सीटवर, बॉनेटवर, माझ्या मांडीत. लटारूभाऊंनी ती ओंजळीत गोळा केली, गोंडीत काहीतरी पुटपुटत बाहेर वाकले आणि ओट्यावर सोडली. बाटलीतली धार दगडावर धरली. त्यांची बायको हात जोडून रडत होती, आवाज न करता. मला तिथं परकं वाटलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. त्यांचं झालं एवढंच मनात आलं आणि फार बरं वाटलं.

मग विचारायची वेळ आली. माणसानं खाली पाय ठेवायचा नाही असा नियम होता, पिल्लाबद्दल नियमात काही नव्हतं. लटारूभाऊंनी ओट्यावर दाणे टाकले आणि पिल्लाच्या पायाला दोरी बांधून त्याला अलगद खाली सोडलं. पिल्लू ओट्यावर उतरलं आणि बसलं. उठायची त्याची ताकदच नव्हती. गुलाबभाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मागं तळ्याकडे काहीतरी झालं असावं, कारण कॅमेऱ्यांचा कडकडाट सुरू झाला. मी मान वळवली नाही.

पिल्लू उठलं. कलत कलत दोन पावलं चाललं. दाण्यांजवळ थांबलं, मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं, आणि टिपलं. एक दाणा, मग दुसरा. मग घाईघाईनं तिसरा.

गुलाबभाऊंनी कपाळाला हात लावला. सुनंदा झटक्यानं पुढं तळ्याकडे वळली. लटारूभाऊंनी दोरी ओढून पिल्लू वर घेतलं, झोळीत ठेवलं, आणि दोन्ही हात झोळीवर ठेवून बसले.

“हो म्हनली,” ते म्हणाले.

गुलाबभाऊ कुजबुजत त्यांना समजवायला लागले. खादाड पिल्लू होतं, धरू नका, साहेबाला नाई म्हणून सांगा. लटारूभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पिल्लाले मी चारलो. पन देवीले मी खोटं नाई पाडनार.” परतताना पुन्हा ते बांध लागले, तेव्हा त्यांनी कुणाचा कुठला ते दाखवलं नाही. त्यांची बायको मात्र मागं वळून वळून, झाड दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मला साहेबांच्या त्या गोड आवाजाचा राग आला, माझ्या जिप्सीचा आला, आणि त्या अधाशी पिल्लाचा तर फारच आला.

फाटकाशी साहेब स्वतः उभे होते. हसतमुख. लटारूभाऊंना हात देऊन उतरवून घेतलं आणि विचारलं, काय म्हणाली देवी?

“हो म्हनली जी,” लटारूभाऊ म्हणाले. साहेबांच्या चेहऱ्यावर देवळातला पंखा फिरताना मला दिसला. पण लटारूभाऊंचं वाक्य संपलं नव्हतं. “पन माह्या एकल्याचं धरत नाई. साक्ष लागते.”

साहेबांनी सुनंदाकडे बघितलं. ती गणवेश सावरून ताठ उभी राहिली. स्पष्ट, शिकवलेल्या मराठीत तिनं सांगितलं की तिचं लक्ष वाघिणीकडे होतं, पर्यटकांना वाघ दाखवणं हीच तिची ड्यूटी आहे. साहेब गुलाबभाऊंकडे वळले. गुलाबभाऊ म्हणाले, मी मोबाइलमध्ये वाघिणीचा व्हिडिओ काढून राह्यलो होतो. व्हिडिओ कुणी मागितला नाही, हे त्यांचं नशीब. म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि डोळे मिटले होते म्हणून सांगितलं. चालकाला विचारायची गरजच नव्हती, तो अजून शेजारच्या चालकाला वाघीण कशी उठली ते हात पसरून सांगत होता.

मग साहेब माझ्याकडे वळले. बाहेरगावची, शिकलेली, सरकारी नोकरीतून निवृत्त. माझा शब्द चालणार होता हे त्यांच्याइतकंच लटारूभाऊंनाही कळत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते झोळीकडे बघत होते. मी आयुष्यात एकही पाकीट जाणूनबुजून चुकीच्या खणात टाकलेलं नाही.

“मी वाघ बघत होते,” मी म्हणाले.

लटारूभाऊंनी मान वर केली. साहेब म्हणाले की याचा अर्थ निर्णय झालाच नाही.

“नाई जी,” लटारूभाऊ म्हणाले. “पुढल्या साली अंदर येऊन पुन्हा इचारा लागन.”

सुनंदानं फाटकामागून कुणाला तरी हात केला असावा, कारण रस्त्यापलीकडे नवेगावच्या बांधांवर बायका टोपल्या घेऊन मोह वेचायला पळत सुटल्या. साहेबांनी ते बघितलं आणि नजर वळवली. माणूस खरोखरच अदबशीर होता. मला गाडीपर्यंत सोडायला आले, दार उघडून दिलं, आणि निदान माझा तरी फेरा सत्कारणी लागला म्हणून समाधान दाखवलं. इतक्या जवळून वाघीण सगळ्यांना दिसत नाही, म्हणाले. कशी होती?

मी जरा विचार केला.

“पट्टे होते,” मी म्हणाले.